भारतीय क्रिकेटचा पहिला मोठा बॉलर : बाळू पालवणकर

मित्रांनो, हॉस्टेलच्या मागच्या ग्राउंडवर टेनिस बॉलची मॅच ठरली की पहिलं भांडण कशावरून होतं? ओपनिंगला कोण जाणार यावरून! बॉलिंग कोण टाकणार यावरून भांडण झालेलं मी तरी तीन वर्षांत पाहिलं नाही. नांदगाव पेठच्या मार्चच्या उन्हात घामाघूम होऊन ओव्हरमागून ओव्हर टाकायची हौस कोणाला असणार? फुटबॉलमधला डिफेंडर घ्या, कबड्डीत पकड करणारा घ्या, नाहीतर क्रिकेटमधला बॉलर घ्या. समोरच्याला अडवण्याचं काम करणाऱ्याची जात एकच. मेहनत जास्त, टाळ्या कमी. पोस्टर लागतं ते बॅट्समनचं.

पण आपल्या देशात क्रिकेट रुजलं तेव्हा पहिला खरा स्टार झाला तो एक बॉलर. डाव्या हाताने स्लो स्पिन टाकणारा. त्याचं नाव बाळू पालवणकर. जुन्या स्कोअरबुकात ते 'पी. बाळू' असं सापडतं.

'लगान' (२००१) पिक्चर सगळ्यांनी पाहिला असेलच. त्यातला कचरा आठवतो? अस्पृश्य म्हणून गावकरी त्याला टीममध्ये घ्यायला तयार नसतात आणि शेवटी त्याचाच स्पिन कामी येतो. ती गोष्ट काल्पनिक आहे आणि ती घडते १८९३ साली. आता गंमत बघा, त्याच सुमाराला पुण्यात बाळू नावाचा सतरा-अठरा वर्षांचा खराखुरा मुलगा इंग्रज साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकत होता. फरक इतकाच की पिक्चरमध्ये एका मॅचमध्ये सगळं मिटतं. बाळूंच्या बाबतीत ते मिटायला पंचवीस-तीस वर्षं लागली आणि तरीही पूर्ण मिटलं नाही.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. घराणं मूळ कोकणातल्या पालवण गावचं, म्हणून आडनाव पालवणकर. समाज चर्मकार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. वडील सैन्यात नोकरीला होते, त्यामुळे कुटुंब पुण्यात आलं. सैन्यातली नोकरी ही त्या काळात अशा घरांसाठी मोठीच गोष्ट होती. थोडं शिक्षण मिळायचं, जग दिसायचं. आणि या घराला दिसलं ते क्रिकेट. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही मोठे क्रिकेटपटू झाले. एका घरातले चार भाऊ आणि चौघेही वरच्या दर्जाचं क्रिकेट खेळलेले. आजही असं घर शोधून सापडणार नाही.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात होती. काम काय, तर पिच झाडणं आणि रोलर फिरवणं. पगार महिन्याला तीन रुपये. अधूनमधून मेंबर लोकांना बॉलिंग टाकायला मिळायची. नंतर १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले. इथे पगार चार रुपये. काम तेच, शिवाय नेट लावणं, पिच तयार करणं आणि साहेबांना प्रॅक्टिस देणं. त्या साहेबांमध्ये कॅप्टन ग्रेग नावाचा एक जबरदस्त बॅट्समन होता. तो मॅचच्या आधी लवकर मैदानावर यायचा आणि तासन्‌तास बाळूंची बॉलिंग खेळायचा. आऊट केलं की दर विकेटला आठ आणे बक्षीस द्यायचा, असं सांगतात. हे खरं असेल तर बाळूंनी महिन्यात आठ वेळा ग्रेगला उडवलं की पगाराएवढी रक्कम हातात! सर्वांत चांगल्या बॅट्समनवर अशी रोज टेस्ट होत असेल तर बॉलर काय तयार होईल, विचार करा. आपण लॅबमध्ये मटेरियलचं फटीग टेस्टिंग करतो, त्यातलाच हा प्रकार. हजारो वेळा तेच लोडिंग, तीच ॲक्शन. फक्त इथे मटेरियल तुटलं नाही, घडत गेलं.

पण एक गोष्ट मनाला लागते. एवढी वर्षं बाळूंनी पूना क्लबात बॉलिंग टाकली, पण त्यांच्या हातात कोणी बॅट दिली नाही. बॅटिंग साहेबांची, बॉलिंग नोकराची! बॉल टाकणं हे रोलर ओढण्यासारखंच मजुरीचं काम समजलं जायचं. म्हणजे बाळू बॉलर झाले ते फक्त आवडीने झाले असं म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी तेवढंच एक दार उघडं होतं. त्या दारातून आत शिरून त्यांनी काय करून दाखवलं ते पुढे येतंच.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला साहेबांच्या टीमला हरवायचं होतं. शहरात सर्वांत चांगला बॉलर कोण हे सगळ्यांना माहीत होतं. प्रश्न होता तो घ्यायचा कसा याचा. क्लबात वाद झाला. काही मेंबर घ्या म्हणत होते, काही सनातनी मंडळी धर्म बुडतो म्हणत होती. ग्रेग साहेबानेही जाहीरपणे सुनावलं की अशा बॉलरला बाहेर ठेवणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. शेवटी मार्ग निघाला. बाळूंनी मैदानावर सगळ्यांबरोबर खेळायचं, त्यांनी हाताळलेला बॉल सगळे हाताळणार. पण चहाच्या वेळी इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा पिणार आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळणार. जेवणही वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर.

जरा विचार करा. तोच चामड्याचा बॉल बाळूंच्या हातातून विकेटकीपरच्या हातात, तिथून स्लिपच्या हातात, पुन्हा बाळूंच्या हातात. दिवसभर शंभर वेळा हा स्पर्श चालतो. आणि दहा मिनिटांच्या टी-टाइममध्ये तोच स्पर्श विटाळ होतो! ज्याने कोणी हा नियम काढला त्याला लॉजिक या विषयात एटीकेटीसुद्धा मिळाली नसती.

बाळूंनी या अपमानाला तोंडाने काय उत्तर दिलं याची नोंद नाही. बॉलने दिलेलं उत्तर मात्र स्कोअरबुकात आहे. पुण्याच्या हिंदू टीमने साहेबांना हरवायला सुरुवात केली. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धच्या मॅचची गोष्ट सांगतात की बाळूंचा स्पिन चालू नये म्हणून तिथे आठवडाभर रोलर फिरवून पिच दगडासारखं करून ठेवलं होतं. रोलरनेच ज्याची जिंदगी सुरू झाली त्याला रोलरची काय भीती? बाळूंनी सात विकेट काढल्या. टीम पुण्याला परतल्यावर सत्कार झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी खेळाडूंना सुचवलं की बाळूंबरोबर खेळता तर त्यांच्याबरोबर जेवायलाही हरकत नसावी. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचं कौतुक केलं. सुधारक रानडे आणि लोकमान्य या दोघांचं एका माणसाबद्दल एकमत होणं ही त्या काळच्या पुण्यात साधी गोष्ट नव्हती.

१८९६ च्या सुमारास प्लेगचा काळ आला आणि बाळू मुंबईला गेले. तिथे त्यांना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली, रेल्वेच्या टीममध्ये खेळायला मिळालं. हिंदू जिमखान्यात घ्यायचं की नाही यावर इथेही वाद झालाच, पण तिथल्या टीमचा कॅप्टन कीर्तिकर बाळूंच्या बाजूने ठाम उभा राहिला आणि बाळू आत आले. मुंबईत एक पाऊल पुढे पडलं. इथे पुण्यासारखं वेगळं ताट नव्हतं, टीमबरोबर बसून जेवण होतं. म्हणजे माणसाने ठरवलं तर रूढी काही दगडाची नसते.

आता १९०६ ची ती मॅच. त्या काळात मुंबईत टीम धर्मावर असायच्या. युरोपियन, पारशी, हिंदू, पुढे मुसलमानही. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन समोरासमोर आले. वातावरण लक्षात घ्या. आदल्याच वर्षी बंगालची फाळणी झालेली, स्वदेशीची चळवळ पेटलेली, आणि जपानने रशियाला हरवून आशियातला माणूस गोऱ्याला हरवू शकतो हे दाखवून दिलेलं. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० केले. युरोपियन १९१ आणि १०२ वर आटोपले. १०९ रन्सनी विजय! बाळूंनी दोन्ही डाव मिळून आठ विकेट घेतल्या. टीममध्ये शिवरामही होता. पुढच्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना पुन्हा हरवलं.

सुधारक मंडळींनी तेव्हाच एक गोष्ट लोकांच्या नजरेस आणून दिली. ही टीम जिंकली कारण तिने जात बाजूला ठेवून चांगला खेळाडू घेतला. चर्मकार भाऊ आणि ब्राह्मण खेळाडू एका मैदानावर लढले आणि एका टेबलावर जेवले. एवढ्याच गोष्टीसाठी बाहेर अजून किती लढायचं होतं!

१९११ साली भारताची पहिली ऑल इंडिया टीम इंग्लंडला गेली. कॅप्टन होते पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग. सर्व धर्मांचे खेळाडू एकत्र निवडलेली ही पहिलीच टीम. टीमची कामगिरी खरं सांगायचं तर फार चांगली झाली नाही. महाराज स्वतः मोजक्याच मॅच खेळले, बाकी वेळ मेजवान्या आणि भेटीगाठीत गेला. पण बाळूंनी सगळा दौरा आपल्या डाव्या हातावर तोलून धरला. वय पस्तिशीच्या पुढे, खांदा दुखत होता, हवामान परकं. तरी सगळ्या मॅच मिळून ११४ विकेट, सरासरी १८.८४. केंब्रिज युनिव्हर्सिटीच्या एका डावात आठ विकेट. लीस्टरशरविरुद्ध अकरा विकेट आणि विजय. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने शतक ठोकलं आणि टीम एका विकेटने जिंकली. म्हणजे त्या दौऱ्यातले कौंटी टीमविरुद्धचे विजय बघितले तर पालवणकर घराण्याचा हात त्यात सगळीकडे दिसतो. पुण्यात ज्याला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळत होता, त्याने इंग्लंडमध्ये जाऊन देशाची लाज राखली.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या काळात या समाजाच्या मुलाला मोठं होऊन कोणासारखं व्हायचं असं विचारलं असतं तर पहिलं नाव बाळूंचंच आलं असतं. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांच्याबद्दल खूप आदर होता.

आकडे आवडणाऱ्यांसाठी थोडं गणित. बाळूंनी ३३ फर्स्ट क्लास मॅचमध्ये १७९ विकेट घेतल्या, सरासरी १५.२१. म्हणजे दर मॅचला साडेपाचच्या जवळ विकेट पडल्या. त्या काळात मॅच कमी व्हायच्या. भारताची पहिली टेस्ट मॅच झाली १९३२ साली, तेव्हा बाळू पंचावन्न पार केलेले. नाहीतर आज टेस्टच्या रेकॉर्डबुकात त्यांचं नाव कुठे असतं कोणास ठाऊक.

आता येतो या गोष्टीचा सर्वांत कठीण भाग. एवढं सगळं करूनही बाळूंना एक गोष्ट मिळाली नाही. ती म्हणजे हिंदू टीमची कॅप्टनशिप. १९१२ पासून हिंदू, पारशी, युरोपियन आणि मुसलमान अशी चौरंगी स्पर्धा सुरू झाली. दर वर्षी बाळू हे टीममधले सर्वांत अनुभवी खेळाडू असायचे आणि दर वर्षी कॅप्टन दुसराच कोणी व्हायचा. बॉल टाकायला चालतो, विकेट काढायला चालतो, पण हुकूम द्यायला चालत नाही! एक वर्ष कॅप्टन झालेल्या पै यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं की हा मान खरं तर बाळूंचा होता. ज्याला खुर्ची मिळाली तोच म्हणतो की ही खुर्ची माझी नाही, असं किती वेळा होतं? पण निवड समिती काही हलली नाही.

१९२० साली मात्र स्फोट झाला. पै आजारी पडले. कॅप्टनशिप आता तरी पालवणकरांकडे येईल असं सगळ्यांना वाटत होतं. पण बाळूंना डावलून देवधरांना कॅप्टन केलं गेलं. देवधर खेळाडू म्हणून मोठेच, पण तेव्हा नवखे होते. यावर शिवराम आणि विठ्ठल या दोन्ही भावांनी टीममधून नाव काढून घेतलं आणि आपलं म्हणणं पेपरात छापून दिलं. त्याचा आशय असा की अनुभव आणि खेळ बघून नेमणूक झाली असती तर तक्रार नव्हती, पण इथे जात बघितली गेली आहे. मुंबईत खळबळ माजली. त्याच डिसेंबरमध्ये आपल्या नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं आणि गांधीजी अस्पृश्यता संपल्याशिवाय स्वराज्य नाही असं देशाला सांगत होते. अशा वेळी जिमखान्याला उत्तर देणं जड गेलं. फायनलला पै बरे होऊन परतले, दोघे भाऊ टीममध्ये आले आणि बाळूंना व्हाइस कॅप्टन केलं. पै मधूनमधून मैदानाबाहेर गेले तेव्हा टीम बाळूंनी चालवली. पंचेचाळिशीच्या माणसाला आयुष्यभराच्या कामाचं मिळालेलं हे बक्षीस, तेही काही तासांचं!

पण भांडण फुकट गेलं नाही. १९२३ साली धाकटा भाऊ विठ्ठल हिंदू टीमचा कॅप्टन झाला आणि त्याच वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेऊन मिरवलं. त्यात सवर्णही होते. मोठ्या भावाने जे दार तीस वर्षं ठोठावलं, ते धाकट्यासाठी उघडलं.

इथे एक गोष्ट आपल्या भागाची. अमरावतीला अंबादेवीचं मंदिर सर्वांसाठी उघडावं म्हणून १९२७ साली सत्याग्रह झाला, डॉ. पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. विठ्ठल पालवणकर कॅप्टन झाला तेव्हा आपल्या गावातल्या देवळाचं दार त्याच्यासाठी बंदच होतं. मैदान थोडं पुढे गेलं होतं, समाज मागेच होता.

क्रिकेट संपल्यावर बाळू राजकारणात उतरले. हा भाग थोडा गुंतागुंतीचा आहे, पण टाळून चालणार नाही. बाबासाहेबांना दलितांसाठी वेगळे मतदारसंघ हवे होते. बाळूंना ते पटत नव्हतं. मद्रासचे एम. सी. राजा आणि नागपूरचे डॉ. मुंजे यांनी १९३२ साली एकत्र मतदारसंघ आणि राखीव जागा असा करार केला, बाळू राजांच्या बाजूचे. त्याच सप्टेंबरमध्ये येरवड्याला गांधीजींनी उपोषण केलं आणि पुणे करार झाला. त्यावर सही करणाऱ्यांत बाळूंचंही नाव आहे. १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही बाळूंना मान्य नव्हती. १९३७ च्या निवडणुकीत तर काँग्रेसने बाळूंनाच बाबासाहेबांच्या विरुद्ध मुंबईत उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले.

यामुळेच पुढे बाळूंचं नाव मागे पडलं असेल का? असू शकेल. बाबासाहेबांचा मार्ग लाखो लोकांनी स्वीकारला आणि त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस म्हणून बाळू कोणाच्याच मिरवणुकीत बसले नाहीत. माझं मत विचाराल तर बाबासाहेबांनी व्यवस्थेचं डिझाइनच बदलायचं ठरवलं होतं, बाळूंना त्याच डिझाइनमध्ये दुरुस्ती होईल असा विश्वास होता. मैदानावर त्यांनी ती थोडीफार होताना पाहिली होती ना! पण ज्या टीमला तीस वर्षं विकेट काढून दिल्या तिने कॅप्टनशिप दिली नाही, हा अनुभवही त्यांचाच होता. एकाच आयुष्यात दोन्ही बाजूंचा पुरावा सापडतो.

जुलै १९५५ मध्ये मुंबईत बाळूंचं निधन झालं. नंतर अनेक वर्षं त्यांचं नाव फक्त जुन्या स्कोअरबुकात राहिलं. विठ्ठल पालवणकरांनी मराठीत लिहिलेलं आत्मचरित्र होतं, पण ते वाचणारे थोडे. २००२ साली इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटवर मोठं पुस्तक लिहिलं आणि त्यात बाळूंना त्यांची जागा मिळवून दिली.

मित्रांनो, चांगलं काम केलं की जग आपोआप मान देतं असं आपल्याला शाळेपासून शिकवलं जातं. बाळूंची गोष्ट तसं म्हणत नाही. बाळूंनी काम चांगलंच केलं, पण दार उघडलं ते कोणीतरी आतून कडी काढली तेव्हा. कीर्तिकर उभा राहिला म्हणून जिमखाना मिळाला. पै खरं बोलले म्हणून प्रश्न लोकांपुढे आला. शिवराम आणि विठ्ठल यांनी स्वतःची जागा सोडली म्हणून समिती वाकली. विकेट बाळूंनी काढल्या, पण त्या मोजायला लावणारी माणसंही लागली.

आजही कुठल्याही हॉस्टेलमध्ये नवीन मुलगा आला की पहिल्या दहा मिनिटांत त्याला पूर्ण नाव विचारतात, मग सीईटीचा स्कोअर, मग कॅटेगरी. विचारणाऱ्याला ते साधं वाटतं. ज्याला विचारतात त्याला ते मातीच्या भांड्यासारखं वाटतं. तेव्हा पुढच्या वेळी रूमवर असा प्रश्न निघाला तर कडी काढणारा आपल्यातला कोणीतरी असू द्या. एवढं झालं तरी पालवणकरांच्या त्या डाव्या हाताला खरा सलाम होईल.